खिडकीचा गज आणि रबरी पट्टा

मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडले, म्हणजे अधरांगघात झाला, की चाके ढकलणे, पलंगावरून खुर्चीत उतरणे ही पायांची सारी कामे खांद्याच्या वाट्याला येतात. तो सांधा मात्र भार वाहण्यासाठी नव्हे, तर हात चहूकडे फिरावा यासाठी घडलेला असतो. म्हणूनच बसून करायचा व्यायाम हा उभ्याने करायच्या व्यायामाचा सोपा अवतार मानणे चुकीचे ठरते.

रोज चाके ढकलून छातीचे स्नायू बळावतात, पाठीचे मागे पडतात आणि खांदा पुढे ओढला जातो. त्यामुळे घरच्या व्यायामात ढकलण्यापेक्षा ओढण्याला महत्त्व द्यावे लागते. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर अडकवून, खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावून, कोपरे अंगालगत ठेवत तो असा ओढायचा की पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे सरकतील, आणि सोडताना सटकन न सोडता सावकाश सोडायचा. खांदे कानांकडे चढू लागले, तर पट्टा जड झाला असे समजावे. ल्युडविग गुटमन या डॉक्टरांनी 29 जुलै 1948 रोजी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे व्हीलचेअरवरील 16 जणांची जी स्पर्धा भरवली, ती धनुर्विद्येची, म्हणजे ओढण्याच्याच खेळाची होती.

बैठकीच्या हाडांखालची कातडी सतत दबून होणारी जखम, म्हणजे दाबव्रण, टाळण्यासाठी हातांवर रेटा देऊन अंग उचलण्याची जुनी रीत आहे. पण दबलेल्या भागात रक्त पुरते परतायला दोनेक मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ हातांवर तोलून राहणे कोणाला जमणार? त्यापेक्षा खुर्ची किंचित मागे घ्यावी, म्हणजे पुढची छोटी चाके पुढे वळून टेकू लांबतो, आणि मग छाती मांड्यांकडे झुकवून स्वस्थ राहावे.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्यांनी मूत्राशय रिकामे करूनच व्यायामाला बसावे, कारण ते भरलेले असले तर रक्तदाब एकाएकी चढू शकतो. एकाएकी डोके ठणकून चेहरा लाल झाला, तर तो रक्तदाब चढल्याचा इशारा समजून व्यायाम थांबवावा, ताठ बसावे, लघवीची नळी दुमडलेली नाही ना ते पाहावे आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे.