पॅरिश कुठली?

सहल म्हटल्यावर मी घरून आलेल्या चकल्या पिशवीत टाकल्या. डब्लिनला इतिहासाचं एमए करताना आमच्या वर्गाने चार दिवस आयर्लंडमधल्या स्थलांतराच्या खुणा पाहायच्या ठरवल्या होत्या. आम्ही चौदाजण, निम्मे अमेरिकन, मराठी मी एकटीच. पण पहिलाच मुक्काम स्ट्रोक्सटाउनच्या दुष्काळ संग्रहालयाचा. तिथल्या आवारात कुर्रम्‌कुर्रम्‌ आवाज काढायची हिंमत झाली नाही. पिशवी बंदच राहिली.

हे संग्रहालय उभं कसं राहिलं, ती गोष्टच सुरस आहे. 1979 मध्ये जिम कॅलरी या गावातल्या व्यावसायिकाला गॅरेजसाठी थोडी जागा हवी होती. त्याने जमीनदाराची अख्खी इस्टेटच विकत घेतली. वाड्यात जुन्या कागदांचे ढीग सापडले, त्यात 1846 मध्ये उपाशी कुळांनी मालकाला लिहिलेला अर्ज होता. कॅलरीने तो वाचला आणि कागदांची विल्हेवाट लावण्याऐवजी 1994 मध्ये संग्रहालय उघडलं.

अर्ज का करावा लागला? गरीब आयरिश कुटुंबाचं जेवण म्हणजे बटाटा. कष्टकरी माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा. बहुतेक ठिकाणी ‘लंपर’ ही एकच जात लावलेली. 1845 मध्ये करपा आला आणि पुढची काही वर्षं पीक शेतातच सडत राहिलं. धान्य आणि जनावरं मात्र बंदरांतून इंग्लंडला जातच होती. लंडनमध्ये मदतीची तिजोरी सांभाळणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन सरकारने बाजारात फार ढवळाढवळ करू नये या मताचा. (हेच साहेब पुढे 1859 मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले.) 1841 मध्ये 82 लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या दहा वर्षांत 65 लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, त्याहून थोडे जास्तच देश सोडून गेले. आज दोन्ही आयर्लंड मिळूनही तो जुना आकडा गाठलेला नाही.

स्ट्रोक्सटाउनचा मालक मेजर डेनिस माहन. कुळांना वर्कहाऊस नावाच्या गरीबखान्यात पोसण्यापेक्षा बोटीचं भाडं भरणं स्वस्त, असा हिशेब त्याच्या कारभाऱ्याने मांडून दिला. मे 1847 मध्ये 1,490 माणसं डब्लिनपर्यंत चालत निघाली. ती मध्येच परत फिरू नयेत म्हणून बरोबर मालकाचा माणूस. डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून क्वेबेक. ‘व्हर्जिनियस’ जहाजावरच्या 476 प्रवाशांपैकी 158 वाटेतच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहनला रस्त्यात गोळी घालण्यात आली.

त्या पायपिटीच्या मार्गावर, रॉयल कालव्याच्या कडेने, आता 165 किलोमीटरची पाऊलवाट आहे. वाटेत ठिकठिकाणी लहान मुलांच्या बुटांचे ब्राँझचे जोड ठेवलेत. एका पडक्या घरात एकमेकांना बांधून ठेवलेले एकोणिसाव्या शतकातले बूट सापडले, त्यांवरून ते घडवले. आम्ही त्या वाटेवर जेमतेम पाच किलोमीटर चाललो, तेही वॉटरप्रूफ जाकिटं घालून. एका ब्राँझच्या बुटात पावसाचं पाणी साचलं होतं. पुढे चाललेल्या मुलाने ते बोटाने निपटून टाकलं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

न्यू रॉसला ‘डनब्रॉडी’ जहाजाची प्रतिकृती आहे. मूळ जहाज लाकडाच्या व्यापाराचं. कॅनडातून ओंडके आणायचं आणि जाताना माणसं न्यायचं. सहा फूट बाय सहा फुटांच्या फळीवर एक कुटुंब, किंवा चार अनोळखी माणसं. आम्ही चौघं आडवे होऊन पाहिलं. कुशीवर वळायचं तर चौघांनी एकदम. चकल्या इथे संपल्या.

शेवटचा मुक्काम कोव्ह. 1848 ते 1950 या काळात देश सोडणाऱ्या साठ लाखांपैकी पंचवीस लाख याच बंदरातून गेले. निघायच्या आदल्या रात्री घरात ‘अमेरिकन वेक’ व्हायचा. मयताशेजारी रात्र जागवतात, तसंच शेजारीपाजारी जमायचे. जाणारा पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक. जाणाऱ्यांत एकट्या, लग्न न झालेल्या मुलीही मोठ्या संख्येने होत्या. तिकडे घरकाम करून त्या पैसे पाठवायच्या, त्यातून पाठच्या भावंडाचं तिकीट निघायचं.

धक्क्यावर ॲनी मूरचा पुतळा आहे. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद तिची झाली. दोन धाकटे भाऊ बरोबर होते, हातात दहा डॉलरचं सोन्याचं नाणं पडलं. पुढे ती टेक्ससला गेली आणि 1923 मध्ये अपघातात वारली, असं सगळे धरून चालले होते. 2006 मध्ये वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिलं की टेक्ससची ॲनी मूर वेगळीच, ती जन्मलीच अमेरिकेत. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली. जर्मन बेकरीवाल्याच्या मुलाशी लग्न, बरीच बाळंतपणं, कित्येक मुलं लहानपणीच गेलेली. 1924 मध्ये ती वारली. तिच्या कबरीवर दगड बसला तो 2008 मध्ये.

मला ही दुसरी ॲनी जास्त पटली. पण माझी बॉस्टनची मैत्रीण गप्प झाली. तिच्या पाकिटात एक चिठ्ठी होती: पणजीच्या आईचं नाव मेरी, कॉर्क भागात घरोघरी सापडणारं आडनाव, आणि खाली ‘कॉर्क’. एवढंच. जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या टेबलापुढे आम्ही उभ्या राहिलो. तिथल्या काकूंनी आधी वाईट बातमी सांगितली. 1861 ते 1891 च्या जनगणनेचे कागद सरकारनेच नष्ट केले, आणि त्याआधीचे बहुतेक 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्सला लागलेल्या आगीत जळाले. उरल्या त्या मुख्यतः चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, त्याही प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वेगळ्या.

काकूंनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

“पॅरिश कुठली, बाळ?”

मैत्रिणीने तिथूनच आईला फोन लावला. बॉस्टनमध्ये तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते.