कागदाचं वय ठरवणारी माणसं

छत्रपती संभाजीनगरच्या किल्ले अर्कमध्ये मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचं दप्तर कित्येक पिढ्या पडून होतं. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले सुमारे दीड लाख कागद! १९१६ मध्ये ते हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवानीत गेले आणि आता तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यातले पुष्कळसे कागद शिपायांच्या आणि घोड्यांच्या हजेरीचे आहेत. शिपायाचा वर्ण, कपाळ, भुवया, चेहऱ्यावरचा तीळ, जखमेचा वण. घोड्याचा रंग आणि त्याच्या अंगावरचा डाग. एका घोड्याच्या नावावर दुसऱ्याने पगार उचलू नये, एवढ्यासाठी ही सगळी बारकाई. कुठल्या तरी कारकुनाने साडेतीनशे वर्षांपूर्वी टिपलेला तो तीळ आजही वाचता येतो, ही गोष्ट मला थक्क करते.

यातलं अर्धं श्रेय कागदाला. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, अशी तिथली परंपरा सांगते. चिंध्या आणि ताग-अंबाडीसारख्या धाग्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदात आम्ल फार कमी असतं, म्हणून तो शतकानुशतकं टिकतो. काजळीची शाई कागद खात नाही. पुढे गिरण्यांमधला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. तो आतल्या आम्लानेच पिवळा पडतो आणि पन्नास-साठ वर्षांत बोटांत चुरा होऊन येतो. म्हणजे १९६० सालची फाइल औरंगजेबाच्या हजेरीपटापेक्षा म्हातारी दिसू शकते.

पण कागद टिकणं आणि कागद सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्यालय स्वच्छ ठेवण्याचं सगळं शास्त्र दुसऱ्या गोष्टीत आहे. टेबलावर साचलेला ढीग आपल्याला पसारा वाटतो. खरं तर त्यातला प्रत्येक कागद म्हणजे कुणीतरी न घेतलेला निर्णय असतो: याचं काय करायचं, हा कुठे जायचा, किती दिवस ठेवायचा. निर्णय झाला की कागद आपोआप टेबलावरून उठतो.

हे ज्यांनी नेमकं ओळखलं ते अनिलकुमार लखीना. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शेजारच्या अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी तिथे घडवलेला बदल 'लखीना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेला आणि त्यातली सहा गठ्ठा पद्धत आजही मराठवाड्याच्या तहसीलपासून जिल्हा परिषदेपर्यंत शिकवली जाते. कल्पना इतकी साधी की ऐकताना तिचं मोठेपण लक्षात येत नाही. एका संकलनाच्या, म्हणजे एका विषयाच्या टेबलाच्या, कारकुनाकडे येणारा कोणताही कागद सहांपैकी एकाच गठ्ठ्यात जाऊ शकतो. ज्यावर त्यालाच काम करायचं आहे तो प्रलंबितमध्ये. ज्यावर त्याने काम केलंय, पण दुसऱ्या कार्यालयाचं उत्तर यायचं आहे, तो प्रतीक्षाधीनमध्ये. दर महिन्याला, तिमाहीला पाठवायची माहिती नियतकालिकांत. शासन निर्णय आणि परिपत्रकं स्थायी आदेशांच्या संचिकेत. काम संपलेलं प्रकरण अभिलेख कक्षाकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात. आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. सातवा गठ्ठा नाही. 'बघू नंतर' म्हणून बाजूला सारायला जागाच ठेवलेली नाही!

मला सगळ्यांत सुंदर वाटतो तो पहिल्या दोन गठ्ठ्यांतला फरक. आपण एरवी दोन्हींना मिळून 'पेंडिंग' म्हणतो. पण माझ्यामुळे अडलेलं आणि दुसऱ्यामुळे अडलेलं हे वेगळं बांधलं, की कारकुनाच्या छातीवरचं निम्मं ओझं उतरतं. उरलेल्या निम्म्यासाठी कुणाला स्मरणपत्र पाठवायचं तेही कळतं. समोर आलेल्या शेतकऱ्याला 'साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या' याऐवजी 'तुमचं प्रकरण भूमी अभिलेखकडे गेलंय, उत्तर आलेलं नाही' असं सांगता येतं. कार्यालय आपुलकीचं वाटतं ते या एका वाक्याने; कुंड्या आणि रंगवलेल्या भिंती त्यानंतरच्या.

पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यासाठी कागदाचं वय ठरवावं लागतं. 'अ' वर्ग कायमचा. 'ब' तीस वर्षं. 'क-१' दहा, 'क' पाच. 'ड' फक्त एक वर्ष. कागद बांधायच्या रुमालांचे रंगही ठरलेले: अ लाल, ब हिरवा, क पिवळा, ड पांढरा. अभिलेख कक्षाच्या दारात उभं राहिलं तरी कोणत्या फळीवर काय आहे, ते रंगावरून कळतं. आणि रुमाल सुतीच का? सुती कापड धूळ अडवतं, पण हवा खेळती ठेवतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या कागदांचा दमटपणा आतच कोंडतो आणि बुरशी धरते.

धुळीचं गणित तर मी कधीही सांगायला तयार असतो. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा धूलिकण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे दहा मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला दोन तासांहून जास्त वेळ घेतो. राज्यातली सरकारी कार्यालयं पावणेदहाला उघडतात. साडेनऊला कोरडा झाडू मारला, तर सकाळी उडालेली बारीक धूळ दुपारी बारापर्यंत कर्मचाऱ्यांच्या श्वासात आणि उघड्या फायलींवर उतरत राहते. म्हणून आदल्या संध्याकाळची झाडलोट, ओला पोछा आणि वरून खाली पुसत येणं ही शिस्त आहे: आधी पंखा, मग कपाट, शेवटी फरशी. सफाई करणाऱ्या बाईंना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. त्यांची वेळ ठरवताना त्यांनाच विचारलं जावं, असं मला मनापासून वाटतं. कागदांवर बसलेली धूळ पावसाळ्यात ओल धरते, मग कसर येते आणि कागदाबरोबर चिकटवलेली खळही खाते.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी कपाटं उघडली गेली. गावोगावची जन्म-मृत्यूची पुस्तकं, महसुलाचे कागद. कुठे उर्दू, कुठे मोडी, कुठे फारसी. ऑक्टोबरअखेर सरकारने सांगितलं की एक कोटी ७२ लाख नोंदी तपासल्या आणि ११,५३० ठिकाणी कुणबी उल्लेख मिळाले. मराठा आरक्षणाच्या वादात कुणाचं काय मत असेल ते असो. शंभर वर्षांपूर्वी गावकामगाराने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या मुलीच्या कॉलेज प्रवेशाशी जोडलेली असते, हे त्या कपाटांसमोर उभं राहिलं की अंगावर येतं. ज्याने ते पान 'अ' वर्गात ठेवलं, त्याला हे कुठे ठाऊक होतं?

लखीना पॅटर्ननंतरही प्रयत्न थांबलेले नाहीत. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवींनी २०१७ मध्ये 'झिरो पेंडन्सी' मोहीम हाती घेतली. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा तर सांगतोच की एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला. त्याच्या सात मुद्द्यांत स्वच्छता होती, आणि येणाऱ्या माणसाला पाणी, बसायला जागा, नीट स्वच्छतागृह याही गोष्टी होत्या. अभिलेखांची वर्गवारी आणि जुन्या भंगाराची विल्हेवाट याच स्वच्छतेत मोजली गेली, हे मला फार योग्य वाटतं.

आता फाइल ई-ऑफिसवर चालते. टेबल चकचकीत दिसतं, धूळ नाही, कसर नाही. पण स्क्रीनमागे सहा गठ्ठे कुणी बांधत नाही. एकाच पत्राच्या चार प्रती, 'अंतिम', 'अंतिम-२' आणि 'अंतिम नवीन' अशा नावांनी, निरनिराळ्या फोल्डरांत बसलेल्या असतात. त्यातली 'अ' वर्गाची कोणती आणि वर्षभराने पुसायची कोणती, हे ठरवायला त्या संकलनाच्या कारकुनालाच बसावं लागणार आहे.