मकरान: मिनिटाला ३६ डंपर

एक प्लेट दुसरीच्या खाली शिरते तिथे समुद्रतळाला सहसा खोल खंदक पडतो. अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यासमोर, प्लेट तशीच खाली जाते, पण खंदक दिसत नाही. गाळाने तो बुजवून टाकला आहे. इथे अरबी प्लेटच्या पाठीवर सुमारे ७ किलोमीटर जाडीचा गाळ साचला आहे.

ही प्लेट वर्षाला २ ते ४ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून गणितच मांडू. सरकणं ३ सेंटिमीटर, जाडी ७ किलोमीटर, किनाऱ्याची लांबी साधारण ९०० किलोमीटर. गुणाकार येतो वर्षाला जवळपास १९ कोटी घनमीटर! दहा घनमीटरचा डंपर धरला तर रात्रंदिवस, मिनिटाला ३६ डंपर गाळ या किनाऱ्यावर येऊन थडकतो आहे. आणि हे कोट्यवधी वर्षं चालू आहे.

सगळाच गाळ खाली जात नाही. खालचे थर प्लेटबरोबर पोटात जातात. वरचे खरवडले जाऊन एकमेकांवर चढतात. त्यांची पाचर आता ३५० किलोमीटरच्या आसपास रुंद झाली आहे आणि तिचा मोठा भाग पाण्याबाहेर आहे. मकरानचे उघडेबोडके डोंगर म्हणजे एकेकाळी पाण्याखाली साचलेला गाळच.

दाबाखाली पिळून निघालेलं पाणी आणि मिथेन वाट काढत वर येतात. हिंगलाजमातेच्या यात्रेकरूंना हे जवळून दिसतं. वाटेवरच्या चंद्रगुप या चिखलाच्या ज्वालामुखीच्या तोंडाशी राखाडी चिखल बुडबुडत असतो आणि भाविक त्यात नारळ वाहतात. २४ सप्टेंबर २०१३ला बलुचिस्तानात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा शेकडो किलोमीटर दूर ग्वादरसमोर चिखलाचं एक बेटच वर आलं. काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेलं.

मला मात्र या पाचरीची खरी ताकद १९४५च्या घटनेत दिसते. २८ नोव्हेंबरच्या पहाटे इथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा काही तासांत मुंबईपर्यंत पोचल्या. म्हणूनच हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७पासून सुमात्रा-अंदमानच्या पट्ट्याबरोबर मकरानवरही चोवीस तास नजर ठेवून आहे.