विश्लेषण : टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ का नाही? हवा आणि खाचा तपासणे किती महत्त्वाचे?

महामार्गावर भरधाव मोटारीचा टायर फुटला, चालकाचे नियंत्रण सुटले आणि मोटार दुभाजकावर आदळली, अशा बातम्या वरचेवर येतात. ‘टायर फुटला’ असे म्हटले की दोष नशिबाकडे जातो आणि विषय तिथेच संपतो. पण बहुतेक टायर फुटण्याआधी बराच काळ कमी हवेवर किंवा झिजलेल्या अवस्थेत धावत असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही नशिबाचा हा युक्तिवाद मान्य केलेला नाही.

न्यायालयाने काय म्हटले?

ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीचा मागील टायर फुटला. मोटार रस्त्याकडेच्या खोल खड्ड्यात कोसळली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’ असल्याने भरपाईची जबाबदारी आपल्यावर येत नाही, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हातात नसलेली नैसर्गिक घटना. टायर फुटण्यामागे अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

कमी हवेचा टायर का फुटतो?

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि पुढे सरकल्यावर पुन्हा सरळ होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला साधारण १७ वेळा फिरते. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तेवढ्या वेळा दबतो. हवा कमी असेल तर बाजूच्या भिंती अधिक वाकतात आणि रबर आतून तापत जाते. शहरात सिग्नल आणि कोंडीमुळे वेग कमीच असतो. द्रुतगती मार्गावर मात्र तासन् तास एकाच वेगाने धावताना ही उष्णता साठत राहते, रबर आणि आतील धाग्यांचे थर सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो.

७०१ किलोमीटरच्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. तेथील अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची आणि गुळगुळीत टायरची वाहने रोखण्याची मोहीम हाती घेतली, ती यामुळेच.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

‘उन्हात हवा फुगते, म्हणून दोन-तीन पॉइंट कमीच भरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलट धोका वाढवतो, कारण कमी हवेचा टायर जास्त तापतो. गाडी चालल्यावर हवेचा दाब चार-पाच पीएसआयने वाढणे स्वाभाविक आहे आणि उत्पादकाने ठरवलेल्या आकड्यात ते गृहीत धरलेले असते. त्यामुळे तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

खरी अडचण हिवाळ्यात असते. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. मे महिन्यात ४० अंशांवर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर चार ते पाच पीएसआयने कमी भरते. शिवाय टायरमधून हवा हळूहळू झिरपत असते, ते वेगळेच.

नायट्रोजन भरल्यास धोका टळतो?

साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन टायरमधून थोडा सावकाश झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, इतका फायदा आहे. पण तापल्यावर तोही हवेइतकाच प्रसरण पावतो. झिजलेला, चिरलेला किंवा दाब कमी असलेला टायर नायट्रोजनने सुरक्षित होत नाही. नायट्रोजन भरला तरी दाब तपासावाच लागतो.

नेमकी हवा किती हवी?

हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधन टाकीच्या झाकणाच्या आत लावलेल्या स्टिकरवर असतो. पुढच्या व मागच्या चाकांसाठी, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असू शकतो. कुटुंब आणि सामानासह गावी निघताना दुसरा आकडा पाहावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा जास्त झाली तर टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. पंपावर ‘किती ठेवू?’ असे विचारल्यावर ‘नेहमीची’ न म्हणता स्टिकरवरचा आकडा सांगावा.

दाब नेहमी थंड टायरवर मोजावा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालल्यावर. रेडियल टायर खाली थोडा फुगलेलाच दिसतो, त्यामुळे नुसते पाहून किंवा लाथ मारून अंदाज येत नाही. डॅशबोर्डवरचा इशारा दिवाही अनेकदा दाब बराच घटल्यावर लागतो. त्यासाठी छोटा गेज गाडीत ठेवावा आणि महिन्यातून एकदा तसेच लांबच्या प्रवासाआधी स्टेपनीसह पाचही टायर तपासावेत.

खाचा किती उरल्या की टायर बदलावा?

टायरवरील खाचा रस्त्यावरचे पाणी बाजूला सारतात. त्या उथळ झाल्या की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि गाडी त्यावर तरंगते. तेव्हा ना ब्रेक लागतो, ना स्टीअरिंग ऐकते. नव्या टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारीसाठी कायदेशीर किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायलाच हवा. पावसाळ्यासाठी मात्र तीन मिलिमीटरवरच बदललेला बरा.

झीज कुठे झाली हेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर बहुधा व्हील अलाइनमेंट बिघडलेले असते. बाजूला फुगवटा किंवा खोल चीर दिसल्यास खाचा शिल्लक असूनही टायर बाद समजावा. बाजूवरील चार अंकी आकडा वय सांगतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, असा सल्ला काही उत्पादक देतात.

टायर फुटलाच तर काय करावे?

पहिली प्रतिक्रिया जोरात ब्रेक दाबण्याची असते आणि नेमकी तीच घातक ठरते. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ रेषेत ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग इंडिकेटर देऊन डाव्या कडेला थांबावे. गाडी थांबल्यावर धोक्याचे दिवे लावावेत, चाक बदलण्याची घाई न करता आधी सर्वांना रेलिंगपलीकडे सुरक्षित जागी न्यावे आणि नंतरच मदत बोलवावी.