दाराचे रबर आणि पाण्याची वाट

व्याख्यानमालेच्या ग्रंथात मोटारीच्या दाराच्या रबरावरील लेख पाहून काही वाचक पान उलटतील, ह्याची आम्हांस कल्पना आहे. मागच्या-पुढच्या पानांवर कोणी ज्ञानेश्वरीवर लिहिले असेल, कोणी राज्यघटनेवर. त्या पंगतीत रबराची पट्टी हातात घेऊन बसणे म्हणजे थोडे धाडसच. परंतु आमचे शिक्षण रात्रशाळेच्या बाकावर सुरू झाले आणि कारखान्याच्या फाटकावर पुरे झाले. जे हाताने केले तेच आम्हांस सांगता येते. शिवाय हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही, हे आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलो. ती किंमत दुसऱ्याने भरली, म्हणून तर ही हकीगत सांगणे भाग आहे.

वसंत सरत आला की आपल्याकडे घरोघर पावसाळ्याची तयारी सुरू होते. कौले चाळायची, गच्चीच्या भेगा बुजवायच्या, पापड-कुरडया वाळवायच्या. मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, हे सारे उरकावे लागते. ज्यांच्या दारात जुनी मोटार आहे त्यांनी ह्या यादीत आणखी एक काम घालावे. गाडीची रबरे तपासावीत. ते उन्हातच करण्याचे काम आहे. एकदा पाऊस लागला की पत्रा वाळत नाही, आणि ओल्या पत्र्यावर कोणतेही सोल्युशन धरत नाही.

आमची गाडी म्हणजे १९९६ सालची प्रीमियर पद्मिनी. ठाणे-कल्याणच्या माणसाला ह्या गाडीची ओळख करून द्यायला नको. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तयार होऊ लागली, आणि तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी ह्या नावाने रस्त्यावर आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण चाळीस वर्षे टिकले. अशी शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिने निरोप घेतला. प्रीमियरचा दुसरा कारखाना आमच्या कल्याणजवळ होता. तेथे १९९० नंतरच्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच जातीची गाडी होत असे. ते कारखाने गेले, पण तेथे घडलेल्या गाड्या अजून काही घरांत जीव लावून सांभाळलेल्या दिसतात. आमची गाडी २००७ साली तिसऱ्या हाताने आमच्याकडे आली. पदरी पडली, पवित्र झाली. युनियनच्या कामासाठी ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळ, डोंबिवली, कल्याण अशी तिची रोजची वारी असे.

आता ती किंमत. २०११ च्या जुलैत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या अकरा कामगारांचे उपदानाचे दावे आम्ही तयार करीत होतो. त्या वेळच्या, १९७२ च्या कायद्याप्रमाणे सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळायचा. तेव्हा किती वर्षे नोकरी झाली ह्याचा पुरावा म्हणजे सारे काही. कागदांची पिशवी आम्ही चालकाच्या आसनामागे खाली ठेवली, आणि डोंबिवलीत सभा लांबली म्हणून गाडी रात्रभर रस्त्याकडेला उभी राहिली. सकाळी दार उघडले तो तळाच्या मॅटवर बोटभर पाणी. नऊ जणांच्या कागदांच्या प्रती होत्या, दोघांच्या नव्हत्या. त्यांपैकी एका वृद्ध ऑपरेटरची पगारपत्रके शाईने लिहिलेली. त्यावरचे आकडे निळ्या डागांत विरघळून गेले होते. जुन्या सहकाऱ्यांचे जबाब गोळा करून त्याची वर्षे सिद्ध करायला आणखी आठ महिने लागले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “भाऊ, गाडी तुमची होती, पण कागद माझे होते.”

दाराचे रबर चिरले आहे हे आम्हांस त्याआधी दोन पावसाळ्यांपासून दिसत होते. काही शे रुपयांचे काम आज करू, उद्या करू म्हणून राहिले होते.

त्या दिवसानंतर आम्ही घाईघाईने गाडी एका गॅरेजात नेली. पाणी मागच्या बाजूस साचले होते, म्हणून मागच्या दाराचे रबर बदलले. पुढच्याच पावसात पुन्हा पाणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला तो प्रकार झाला. दोष गॅरेजवाल्याचा एकट्याचा नव्हे. “हे रबर बदला” असे त्याला आम्हीच सांगितले होते. पाणी कोठून येते हे शोधा, असे आम्ही म्हटलेच नाही. युनियनच्या कामात आम्ही नेहमी सांगतो की तक्रार एका खात्यात दिसते आणि तिचे मूळ दुसऱ्या खात्यात असते. तोच नियम स्वतःच्या गाडीला लावायचे मात्र सुचले नाही.

तेव्हा पहिला धडा हा, की पाणी जेथे दिसते तेथूनच ते आत आलेले असेल असे नाही. ते पत्र्याच्या घड्यांतून वाहते, मॅटखालून सरकते, आणि जेथे तळ सखल असेल तेथे साचते. शोध घेण्यासाठी एक माणूस विजेरी घेऊन गाडीत बसावा, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. वरून सुरू केले तर सगळेच भिजते आणि चोर सापडत नाही. आधी दाराची खालची कड, मग बाजू, मग काचेखालची पट्टी, शेवटी पुढची मोठी काच. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटे थांबावे. आतल्या माणसाने मॅट आधीच काढून ठेवावी.

पाण्यावाचूनही दोन कसोट्या घेता येतात. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ओढताना अडली तर रबर तेथे दाबले जात आहे. सुळकन निघाली तर तेथे फट आहे. दुसरी कसोटी खडूची. रबरावर खडू फासून दार एकदा लावावे व उघडावे. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. जेथे ती तुटली तेथे रबर टेकत नाही.

अशा रीतीने शोधता आमच्या गाडीत तीन चोर सापडले. पहिला चोर पुढच्या काचेच्या रबराचा खालचा कोपरा. तेथले पाणी मॅटखालून मागे जात होते. दुसरा पुढच्या दाराचे चिरलेले रबर. तिसऱ्याची आम्हांस कल्पनाच नव्हती. दाराची काच खाली-वर होते, तेव्हा काचेच्या कडेने दाराच्या पोटात थोडे पाणी जायचेच. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाला लहान भोके ठेवलेली असतात. आमच्या दाराची भोके चिखलाने आणि रंगाने बुजली होती. दार हौदासारखे भरे आणि आतल्या पुठ्ठ्याखालून गाडीत सांडे. सायकलच्या आऱ्याच्या तुकड्याने ती मोकळी केली, तेव्हा पेलाभर गढूळ पाणी निघाले. हा उपाय फुकटचा आहे आणि तो सर्वांत आधी करावा. गळती थांबवण्याच्या भरात कोणी ही भोके सिलिकॉनने बंद करतात. त्यांचे दार दोन पावसाळ्यांत आतून सडते.

आता रबराविषयी. दाराचे रबर म्हणजे पाणी अडवणारी भिंत, अशी आपली समजूत असते. खरे पाहता ती एक दाबलेली उशी आहे. दार लागले की ती चेपते, आणि परत फुगण्याच्या धडपडीत पत्र्याला घट्ट टेकून राहते. ही धडपड संपली की रबराचे काम संपले, मग ते वरून कितीही अखंड दिसो. कच्च्या रबराला हा गुण फारसा नसतो. उन्हात ते चिकट होते, थंडीत ताठरते. चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन माणसाने १८३९ साली गंधकाबरोबर रबर तापवले, तेव्हा त्यातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजाग बांधल्या गेल्या आणि रबर ताणले तरी मूळ आकारावर येऊ लागले. परंतु वर्षानुवर्षे चेपून राहिल्यावर हळूहळू ते चेपलेल्या आकारालाच आपला आकार मानू लागते. त्यात हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो. म्हणून भेगा प्रथम कोपऱ्यांत पडतात, कारण रबर तेथे सर्वांत ताणलेले असते. हल्ली दारांसाठी ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर वापरतात. ऊन, पाऊस आणि ओझोन त्याला पुष्कळ सोसतात. तेल, पेट्रोल, घासलेट मात्र त्यालाही सोसत नाही, ते फुगते.

रबर विकत घेताना जुन्याचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्यावा. कापलेल्या तोंडाकडून पाहिले की त्याची घडण दिसते. पोकळ नळी आहे की भरीव, पाया किती रुंद, उंची किती. चेपून गेलेल्या जागेचा तुकडा नेऊ नये. बिजागरीजवळ किंवा खाली जेथे ते कमी दबले असेल तेथला न्यावा. “जाड घेतले म्हणजे पाणी पक्के अडेल” हा मोह टाळावा. जाड रबराने दार लागत नाही, लावले तर फुगून राहते, आणि कुलपावर ताण येतो. पोकळ रबराला मध्येमध्ये बारीक भोके असतात. ती दाबताना हवा निघून जाण्यासाठी आहेत, ती बुजवू नयेत.

जुने रबर काढताना ते कसे बसले होते ते पाहून ठेवावे. काही गाड्यांत ते दाराला चिकटवलेले असते, काहींत पत्र्याच्या कडेवर दाबून बसवलेले. लोखंडी पेचकसाऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी, म्हणजे रंग खरवडत नाही. जुने सोल्युशन थिनरच्या फडक्याने भिजवून पुसून काढावे. थिनर रंगालाही खातो, तेव्हा फडके ओलसर असावे, ओथंबलेले नको, आणि जवळ विडी-काडी नको. खाली गंज दिसला तर तो पॉलिश पेपरने घासून, रेडऑक्साइड लावून, वर रंगाचा हात द्यावा. दोन दिवस वाळू द्यावे. हे दोन दिवस वाचवणारा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम करतो.

मग नवे रबर न चिकटवता भोवताली लावून पाहावे. सुरुवात व शेवट दाराच्या खालच्या बाजूस, मधोमध येईल असे करावे. वरच्या बाजूस सांधा ठेवला तर पाणी आधी तेथेच येणार. येथे आम्ही स्वतः चुकलो. पहिल्या खेपेस रबर थोडे कमी पडेलसे वाटले, म्हणून आम्ही ते ताणून चिकटवले. दार सुरेख दिसले. पंधरा दिवसांत रबर आखडले, सांध्यात अंगठाभर फट पडली आणि वरच्या कोपऱ्यांतून ते सुटून आले. रबराच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एका जुन्या कामगारास आम्ही ते दाखवले. तो हसला आणि म्हणाला, “भाऊ, रबर ओढायचे नसते, बसवायचे असते.” कोपऱ्यात तर उलट किंचित सैल सोडून आत सारावे. शेवटी कापताना एक सेंटिमीटर जास्त ठेवावे आणि दोन्ही तोंडे एकमेकांवर दाबून जोडावीत.

सोल्युशन पत्र्याला आणि रबराला, दोन्हीकडे पातळ लावावे आणि डब्यावर लिहिले असेल तितका वेळ थांबावे. बोटाला चिकट लागते पण बोटावर येत नाही, ही ती वेळ. एका वेळी हातभर लांबीचेच काम घ्यावे. पुरे झाल्यावर दार हलकेच लावून रात्रभर ठेवावे. पहिले काही दिवस दार जड लागेल. ते आपटू नये, रबर हळूहळू बसते. आठवड्यानंतरही जड राहिले, तर चौकटीवरचा कुलपाचा खुंट थोडा सैल करून सरकवावा. मूळ जागेची पेन्सिलीने खूण केल्यावाचून मात्र त्याला हात लावू नये.

पुढच्या मोठ्या काचेचे रबर हे एकट्याचे काम नव्हे. तेथे रबराच्या खाचेत दोरी भरतात, काच बाहेरून दाबतात आणि आतून दोरी ओढत रबराची कड पत्र्यावर चढवतात. जोर थोडा वाकडा पडला की काच तडकते. ते आम्ही जाणत्या माणसाकडून करून घेतले आणि जवळ उभे राहून पाहिले. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हेही कसबच आहे.

ह्यानंतर निगा सोपी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी रबर ओल्या फडक्याने पुसावे, वाळल्यावर त्यावर सिलिकॉनचे ग्रीस किंवा टाल्कम पावडर हलक्या हाताने लावावी, आणि दाराची भोके मोकळी आहेत ना ते पाहावे. सारे मिळून अर्ध्या तासाचे काम.

त्या ऑपरेटरला त्याचे पैसे २०१२ साली मिळाले. पहिली मिठाई त्याने आमच्याच घरी आणली, आणि ती खाताना आम्हांस बरे वाटले नाही. तेव्हापासून दर वैशाखात एका रविवारी आम्ही गाडी उन्हात उभी करतो, चारही दारे उघडतो आणि कागदाची पट्टी घेऊन बसतो. कामगारांचे कागद आता पत्र्याच्या पेटीत आणि आसनावर असतात, खाली कधीच नाही. गाडी आमची असली तरी तिच्यातून दुसऱ्याचे काय काय जात असते, त्याचा हिशोब पाऊस ठेवीत नाही. तो आपणच ठेवायचा असतो.