तेहतीस हजार कोटी लिटर आणि एक हंडा

ऑगस्ट उजाडला की बदलापूर-अंबरनाथकडच्या मंडळींचं एक लक्ष बारवी धरणावर असतं. भरलं का, ओसंडलं का, दरवाजे उघडले का? उंची वाढवल्यापासून या धरणात सुमारे ३३८.८४ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. आनंदनगरच्या एमआयडीसीतला बॉयलर यावरच चालतो आणि चहाच्या टपरीवरचं आधणही यावरच. बारवीतून सोडलेलं पाणी उल्हास नदीत येतं, तिथून उचललं जातं, जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि नळाला लागतं.

घनमीटर काही डोक्यात शिरत नाही. लिटर करू: ३३ हजार ८८४ कोटी. हेही शिरत नसेल तर हंडे करू. एका हंड्यात १५ लिटर धरले तर झाले सव्वादोन हजार कोटी हंडे. पृथ्वीवरच्या आठशेवीसेक कोटी माणसांना प्रत्येकी दोन हंडे वाटले तरी धरणात चतुर्थांशाहून जास्त पाणी उरेल. हे हंडे एकाला एक चिकटून ओळीत मांडले, तर ओळ चंद्रापर्यंत आठ वेळा जाऊन परत येईल आणि नववी खेप निम्म्याहून जास्त झालेली असेल.

आता पिणारी तोंडं मोजू. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरात ५ लाख ६ हजार, अंबरनाथमध्ये २ लाख ५३ हजार आणि बदलापुरात १ लाख ७४ हजार माणसं होती. बेरीज ९ लाख ३३ हजारांच्या वर. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापाने त्यांना रोज १२ कोटी ६० लाख लिटर लागतात. बारवी एकट्या या तीन शहरांची असती, तर एकदा भरल्यावर सात वर्षं पुरली असती. पण ती एकट्यांची नाही. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर आणि हजारो कारखाने त्याच पाण्याचे वाटेकरी आहेत. शिवाय धरणात पाणी असणं आणि घरात पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाणे जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असेल? शहापूर तालुक्यातून तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातो.

त्या पाड्यावरच्या एका बाईचा हिशोब मांडू. घरात पाच माणसं, माणशी २० लिटर, म्हणजे जेमतेम गरजेपुरतं. दिवसाला १०० लिटर. विहीर अर्ध्या किलोमीटरवर आहे असं धरू. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. एका खेपेला ३० किलो. चार खेपा, चार किलोमीटर. वर्षाला १,४६० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून चालत निघालेली बाई दिल्ली ओलांडून पुढे गेली, आणि निम्मी वाट ओझ्यासकट. वर्षभरात तिने साडेछत्तीस टन पाणी वाहिलं. एक हत्ती चार टनांचा धरला, तर नऊ हत्ती.

हेच १०० लिटर पंपाने १५ मीटर उंच चढवायला वीज किती लागते? पंपाने निम्मी वीज वाया घालवली तरी एका युनिटमध्ये १२२ दिवसांचं पाणी वर चढतं. बाईचे चार महिने आणि ४८८ किलोमीटर एका पारड्यात, बिलावरचं एक युनिट दुसऱ्या पारड्यात. म्हणून सौर पंप, पाच हजार लिटरची टाकी आणि पाड्याच्या मध्यावर चार तोट्यांचं नळकोंडाळं एवढ्याशा कामाने पाड्याचं वेळापत्रकच बदलतं.

अशी कामं करायला पुढे येणाऱ्यांत रोटरी आणि लायन्ससारखे क्लब बरेच दिसतात. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर इथले रोटरी क्लब डिस्ट्रिक्ट ३१४२ मध्ये मोडतात. सभासद म्हणजे आपल्याच ओळखीचे लोक: एमआयडीसीतले कारखानदार, डॉक्टर, सीए, बिल्डर, शिक्षक. जगभर रोटरीचे सुमारे १२ लाख सभासद आहेत, लायन्सचे त्याहून थोडे जास्त. आकडा भारदस्त वाटतो ना? त्यालाही तराजूत घालू.

युनिसेफने २०१६ साली अंदाज मांडला होता की जगभरातल्या बायका आणि मुली पाणी आणण्यात रोज २० कोटी तास घालवतात. समजा, १२ लाख रोटरियनांपैकी प्रत्येकाने दर आठवड्याला एक तास नुसतं पाणी वाहिलं. वर्षाचे झाले ६ कोटी २४ लाख तास. म्हणजे जगभरच्या रोटरीची वर्षाची मेहनत या बायकांच्या एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही भरत नाही. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या चहालाच आटोपलं!

हा आकडा सेवाभावी माणसाने खिशात ठेवावा. पाणी वाहून देण्यात स्वयंसेवक कायम हरणार. त्याच्या हातात आहे ती खेप कायमची रद्द करणं: कुठे पाइप, कुठे पंप, कुठे विहिरीचा गाळ काढणं, आणि कुठे नुसता पावडरीचा चमचा.

पावडरीकडे येण्याआधी शिकागोला जाऊन येऊ. रोटरी जन्मली तिथे, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, पॉल हॅरिस या वकिलाच्या पुढाकाराने. क्लबने हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम कोणतं असेल? शाळा नाही, दवाखाना नाही. १९०७ साली त्यांनी शहरात सार्वजनिक शौचालय बांधावं म्हणून चळवळ सुरू केली. विरोध कुणी केला, तर बीअर बनवणाऱ्यांच्या संघटनेने आणि बड्या दुकानदारांनी. शहरात सहा हजार गुत्ते आहेत, तिथे पुरुषांची सोय होते. दुकानांत बायकांची होते. मग वेगळं शौचालय हवं कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. सोयीसाठी आत आलेलं गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच बाहेर पडतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. क्लब मागे हटला नाही आणि शौचालय झालं.

शौचालयाचं महत्त्व एका ग्रॅममध्ये सांगता येतं. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत एक कोटी विषाणू असू शकतात. आपल्याकडचा पाण्याचा टँकर साधारण १० हजार लिटरचा, म्हणजे बरोबर एक कोटी मिलिलिटर. एक ग्रॅम घाण त्या टँकरात मिसळली तर दर मिलिलिटरमागे एक विषाणू, आणि २०० मिलिलिटरच्या पेल्यात दोनशे. पाणी दिसायला काचेसारखं.

आता उतारा. हजार लिटर बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. गावात तिला टीसीएल म्हणतात. अख्ख्या टँकरला लागतात २५ ग्रॅम, दोनेक मोठे चमचे. पावडर घातल्यावर तासभर थांबायचं, मग जलसुरक्षकाने ओटी टेस्ट करायची; नळीतलं पाणी पिवळं झालं की क्लोरीन उरलं आहे. पावडरीचं पोतं उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातं आणि उरते नुसती चुन्याची भुकटी. टाकीत पडते रोज, मारत काहीच नाही. धरणाला कोट्यवधी रुपये लागतात. ते पाणी पिण्याजोगं राहतं ते पोत्याचं तोंड बांधणाऱ्या माणसामुळे.

वापरलेल्या पाण्याचा आकडाही ऐकून ठेवा. पुरवलेल्या पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. तीन शहरांचं मिळून दिवसाला १० कोटी लिटर, म्हणजे दहा हजार टँकर. सात मीटर लांबीचा एक, असे सगळे एकामागे एक उभे केले तर रांग ७० किलोमीटरची. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. रोज सकाळी नवी रांग! या सांडपाण्याचा भार सोसणाऱ्या वालधुनी नदीकाठी १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर अजून उभं आहे. ते बांधणाऱ्यांना त्यांची नदी आज ओळखता येणार नाही. २०१४च्या नोव्हेंबरात याच नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि वायूने शेकडो लोक रुग्णालयात पोहोचले. हा भार कुठल्या क्लबच्या खांद्यावर पेलणारा नाही. ते नगरपालिका, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम आहे. रविवारी सकाळी दोनशे जणांनी जलपर्णी काढली तर घाट मोकळा होतो, फोटोही चांगला येतो. सोमवारी दहा हजार टँकर पुन्हा हजर.

स्वयंसेवकाचं गणित जमतं ते शाळेत. हजार मुलांची शाळा घ्या. मधली सुट्टी, डबा खाण्याआधी हात धुवायचे, प्रत्येकाला साबण लावून २० सेकंद. एका नळावर सगळ्यांना लागतील साडेपाच तास. शाळा सुटेल, हात राहतील. वीस नळ लावले तर १६ मिनिटं ४० सेकंद. मुलं हात धुवत नाहीत म्हणून आपण त्यांना रागे भरतो. खरी चूक भागाकारात असते. एक लांब पाइप, वीस तोट्या, खाली पन्हळ आणि हजार लिटरची टाकी: क्लबच्या एका वर्षात सहज बसणारं काम. शौचालयाचंही तेच. चाळीस विद्यार्थ्यांमागे एक असं माप आहे, पण पाचशे मुलींना पाचच असतील तर प्रत्येकी दोन मिनिटं धरून वीस मिनिटांच्या सुट्टीत पन्नास जणींचा नंबर लागतो. उरलेल्या साडेचारशे मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

एवढ्याशा गोष्टींनी मोठा आकडा हलतो का? एकदा तरी हलला आहे. पोलिओचा विषाणू विष्ठेतून हाताला, पाण्याला लागतो आणि तोंडात जातो. १९८५ साली रोटरीने तो जगातून घालवण्याचा विडा उचलला. १९८८ साली जगात वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओने अधू होत होती. भारतात राष्ट्रीय लसीकरणाच्या एका फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना डोस दिला जाई. डोस दोन थेंबांचा, ०.१ मिलिलिटर. सगळ्या देशाची लस मिळून १७ हजार लिटर. दोन टँकरही भरले नसते! ते दोन टँकर १७ कोटी तोंडांत थेंबाथेंबाने पोहोचवायला सुमारे २४ लाख माणसं लागत. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ७० मुलं. सत्तर हा आकडा कुणालाही झेपतो, एका वाडीचा आहे. १३ जानेवारी २०११ रोजी भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. रोटरीसोबत सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ होती, आणि उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या अंगणवाडी सेविका होत्या. पण पुढची फेरी होणार, आणि त्या ७० मुलांच्या दारात कुणीतरी पुन्हा जाणार, हे ठरलेलं होतं.

पाण्याच्या कामांत नेमकी ही पुढची फेरीच चुकते. फीत कापली जाते, देणगीदारांचा फलक लागतो, आणि दोन उन्हाळ्यांनी तोटी गळू लागते. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. वीस तोट्या गळाल्या तर ३१ हजार लिटर, तीन टँकर. दुरुस्तीला लागतो एक वायसर. किंमत विचारायला संकोच वाटावा इतका स्वस्त.

म्हणून क्लबचं काम बघायला गेलात तर फलकावरची नावं वाचत बसू नका. सरळ शेवटच्या तोटीपाशी जा, ती उघडा, बंद करा आणि क्षणभर कान द्या.