बिअरचा चोथा आणि शिशाचे पाणी

बिअर गाळल्यावर उरलेला जवाचा चोथा दुभती जनावरे चवीने खातात. त्याचा दुसरा गुण मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. गोवंडीशेजारी देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. अशा ढिगांत जुन्या बॅटऱ्याही असतात; पावसात त्यांतले शिसे, कॅडमियम पाण्याबरोबर खाडीकडे झिरपते. चोथा कॉस्टिक सोड्याने धुऊन वाळवला, की हे धातू त्याच्या तंतूंना अधिक चिकटतात. बिअरच्या मृत यीस्टचेही तसेच. १ ग्रॅम यीस्ट १२ मिलिग्रॅमपर्यंत शिसे धरते, असे अमेरिकेतील एमआयटीच्या शास्त्रज्ञांना २०२१ साली आढळले.

पण बंधूंनो, धातू नाहीसा होत नाही, चोथ्यात उतरतो. असा वापरलेला चोथा फुकट मिळाला तरी गव्हाणीत घालू नका, उकिरड्यातही टाकू नका. आम्लाने धुऊन धातू सोडवता येतो. ते काम कारखान्याचे.